ताग्याबाहेरची

बोईसरमध्ये शालूची गोष्ट कुणालाही विचारा, माणूस हातातलं काम टाकून सांगतो. शिरगावच्या कोळीवाड्यातली सून, ऐन बाविशीत नवरा गेला, पण बाई खचली नाही. डोक्यात फॅशनचं वेड, सासूशी पटेना, म्हणून एक दिवस शिवणाची मशीन टेम्पोत टाकली आणि नवापूर नाक्याजवळ खोली घेऊन पाटी लावली, 'शालू, लेडीज फॅशन डिझायनर'. हे १९७९ साल. पाटी रंगवणाऱ्या पेंटरने त्याआधी 'दाढी-कटिंग' आणि 'ताजा उसाचा रस' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. त्याने शालूला विचारलं म्हणे, बाई, हा डिझायनर तुमचा कोण?

गोष्ट झकास आहे. शिवणक्लासच्या बायका ती नव्या पोरींना सांगतात आणि पोरींना हुरूप येतो. फक्त तिची सुरुवात खोटी आहे. शालूने घर सोडलं ते फॅशनच्या वेडापायी नाही. खरं कारण जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक शालू, ती कधी बोलली नाही. दुसरी तिची नणंद हिरा. एरवी हिराची जीभ अख्खी आळी गाजवायची, पण या एका ठिकाणी ती वीस वर्षं टाळूला चिकटून बसली होती.

शालूच्या सासूचं, काशीबाईचं घर शिरगावला, किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. नवरा बोटीवर जायचा आणि काशीबाई रोज पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. तोंडाची फटकळ, पण शब्दाला पक्की; एकदा बोलली की बोलली, मग त्यात तिचं नुकसान का होईना. तिला दोन मुलं, रामू आणि हिरा. रामूचं लग्न शालूशी झालं आणि दोन वर्षांत तो काविळीने गेला. शालूला मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा काशीबाईने त्यांना पोटभर जेवायला वाढलं आणि हात धुताना सांगितलं, "माजा पोर गेला, सून नाय गेली." पाहुणे आले तसे परत गेले.

शिवण शालू लग्नाआधीच शिकली होती, पालघरच्या पुंडलिक मास्तरांच्या क्लासात. मास्तरांच्या पद्धतीने माप घ्यायचं म्हणजे बाईने सरळ उभं राहायचं, हात खाली, नजर समोर. शालूला ते पटत नसे. आपल्या बाया अशा कधी उभ्या राहतात, असं ती म्हणायची. फोटो काढतानासुद्धा नाही. ती माप घेताना बाईच्या डोक्यावर रिकामी टोपली द्यायची. "धर बघू दोनी हातांनी." हात वर गेले की चोळी कुठे ओढते, पोटावरून किती वर सरकते, काखेत कुठली शिवण उसवायला बघते, तिथे तिथे ती खडूची खूण करायची. मग काखेत कापडाची एक चौकोनी कळी घालायची. तशी पहिली चोळी घालून काशीबाई बाजारात गेली आणि दिवसभर टोपल्या उचलून परत आली, तरी चोळी जागची हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा बाया कापड घेऊन दारात. मास्तरांनी ती कळी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "पोरी, हे पुस्तकात नाही." शालू म्हणाली, "मास्तर, पुस्तक कुठं टोपली उचलतं?"

आता त्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. घरात लग्न निघालं की चोळ्यांचं कापड तुकड्याने आणायचं नाही, अख्खा तागा आणायचा. तो देवापुढे ठेवायचा, पहिली चोळी नवरीची कापायची आणि मग मानाने एकेकीची. लुगडी-पातळं कुणाची कुठलीही असोत, मांडवात जिच्या अंगावर ताग्यातली चोळी ती घरची बाई. बाकीच्या पाहुण्या. ही कोण, कुणाची, असं विचारायची वेळच येत नसे. विधवेला मात्र ताग्यात जागा नव्हती. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडायलाही कुणी धजत नव्हतं.

१९७८ च्या मे महिन्यात हिराचं लग्न ठरलं, घिवलीच्या एकनाथशी. तागा आला, पोपटी रंगाचं टू-बाय-टू. एकवीस चोळ्यांची मापं झाली. काशीबाईने ताग्याला हळदकुंकू लावलं, शालूच्या हातात कात्री दिली आणि जमलेल्या सगळ्या बायांदेखत म्हणाली, "बाविसावी तुजी काप."

कुणीतरी खोकललं. काशीबाईने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "मांडवात माजा रामू नाय दिसायचा," ती म्हणाली. "त्याची बायको तरी दिसू दे."

शालूने मान खाली घालून कापड कापलं. आपली चोळी तिने सगळ्यांच्या शेवटी शिवायला घेतली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती मशीनवर बसून काहीतरी गुणगुणत होती. हिराने ते ऐकलं आणि तिलाही बरं वाटलं. पुढे कित्येक वर्षं हिरा स्वतःला हे बजावत राहिली, की आधी मलाही बरंच वाटलं होतं. त्याचा काही उपयोग व्हायचा नाही.

लग्नाला चार दिवस असताना घिवलीहून एकनाथची मावशी आली, इंदुबाई. निरोपाचं निमित्त होतं; खरं म्हणजे नवरीकडची तयारी बघायची होती. चोळ्यांची चळत पुढे ठेवल्यावर तिने एकेक उचलून विचारलं, ही कुणाची, ही कुणाची. हिरा सांगत गेली. बाविसाव्या चोळीशी इंदुबाई थांबली. हातातली चोळी तिने हळूच खाली ठेवली आणि बोटं पदराला पुसली. "नवरीच्या ताग्यातली चोळी हिच्या अंगावर? तुमच्यात चालतं का, बाय? नाय, मी आपलं विचारलं. आमचा पोर दर्यावर जातो ना."

एवढं बोलून ती चहा पिऊन गेली. काशीबाई तेव्हा बाजारात होती.

हिरा एकोणीस वर्षांची. एकनाथला तिने दोनदाच बघितलं होतं आणि दोन्ही वेळा तो तिच्याऐवजी तिच्या बापाशी बोलत होता. पण दर्यावर जाणाऱ्याशी लग्न ठरलं की भीती मुलीच्या घरी आधी येते आणि अक्षता मागाहून. उद्या वारा फिरला, बोट परतली नाही, तर ती पोपटी चोळी सगळ्यांना आठवणार. हे सगळं खरं. पण हिरा नंतर स्वतःला एवढ्यावर सोडत नसे. भीतीच्या आड आणखी एक गोष्ट होती. सासरी पहिल्या दिवशीच आपल्याला नाव ठेवलं जाऊ नये, आपल्या थाटाला गालबोट लागू नये, हेही तिला हवं होतं. दोन्हींत मोठं कुठलं, हे तिला कधीच धड ठरवता आलं नाही.

त्याच दुपारी शालू मागच्या पडवीत काज करत बसली होती. हिरा उंबऱ्यात उभी राहिली.

"वयनी, तू ती नको घालूस ना."

शालूने वर पाहिलं. "कुठली?"

"चोळी. तुजी."

शालूच्या हातातली सुई थांबली. "आयने सांगितलंय, हिरा."

"म्हायीत हाय. पन तूच सांग ना तिला. मला नको, असं सांग. मी बोलली म्हनून नको सांगूस, वयनी. तुला माजी शपथ हाय."

समोरच्या वलाणीवर बोंबील वाळत होते, तिकडे शालू जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

बस, एक शब्द. हिराला वाटलं होतं, ती रडेल, विचारेल, निदान रागावेल तरी. शालूने ट्रंक उघडली, चोळी काढली, ब्लेड घेतलं आणि काखेच्या कळीपासून उसवायला सुरुवात केली. हिरा तिथून आत गेली. आपण सुटलो असंच तिला त्या घडीला वाटलं, आणि पुढे तिला सर्वांत जास्त लाज वाटली ती या सुटल्यासारखं वाटण्याची.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळ्या बाया पोपटी चोळ्या घालून अंगणात आल्या. शालू पांढऱ्या चोळीत. काशीबाईच्या हातात हळदीचं ताट होतं, ते तिने खाली ठेवलं.

"तुजी कुठं हाय?"

"मला नको वाटली, आय."

"नको?" काशीबाईचा आवाज चढला नाही; चढला असता तर परवडलं असतं. "मी चार बायांत तोंड उघडून बोलली, आनि तुला नको?"

हिरा तिथेच, दोन हातांवर, मुंडावळ्या बांधून उभी. एक वाक्य बोलायचं होतं. 'आय, मी सांगितलं तिला.' तोंड उघडलं असतं तर त्याच जागी सगळं मिटलं असतं. फार तर एक थप्पड बसली असती आणि लग्न लागलं असतं. हिराने पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन टोकरली.

उसवलेल्या चोळीचं शालूने काय केलं, ते मांडवात सगळ्यांनी पाहिलं. भावकीतल्या तीन लहान पोरींच्या फ्रॉकांना तिने त्या कापडाचे गळे नि फुग्याच्या बाह्या लावल्या होत्या. आयांच्या चोळ्या पोपटी, पोरींच्या बाह्या पोपटी. असं कुणी आधी बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी सातपाटीपासून डहाणूपर्यंत ज्या लग्नात जावं तिथे पोरी आयांच्या रंगात दिसायला लागल्या. शालूची पहिली फॅशन म्हणतात ती हीच. ते कापड नेमकं कुठून उरलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

गावाने आपला हिशोब लावला. बाईने स्वतःहून ताग्याबाहेर पाय ठेवला, म्हणजे तिला हे घर नको. आज ना उद्या दुसरा नवरा करणार. काशीबाईने तोंडाने कुणाला काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'सून' हा शब्द गेला. ती शालूला 'शिवणवाली' म्हणायला लागली. "शिवणवालीला सांगा, भात उतरव." "शिवणवाली जेवली का?" घरात तीन माणसं, आणि सांगायचं कुणाला तर भिंतीला. हिरा माहेरी यायची तेव्हा हे ऐकायची. प्रत्येक वेळी ठरवायची, या खेपेला आयला सांगून टाकायचं. मग दिवस राहिले, म्हणून म्हणाली बाळंतपण होऊ दे. मग भाविका झाली, म्हणून म्हणाली बारसं होऊ दे. सबबींना काय तोटा?

वर्षभर काढून शालू बोईसरला गेली. काशीबाई तिला पोचवायला दारापर्यंतही आली नाही.

पुढचं काम मात्र लोक सांगतात तितकंच मोठं, उलट काकणभर जास्तच. तारापूरच्या एमआयडीसीत तेव्हा एकेक कंपनी उठत होती. बेटेगाव, पास्थळ, कुठून कुठून पोरी पॅकिंगला जायला लागल्या होत्या. साडीत मशीनपाशी उभं राहवत नाही आणि ओढणीशिवाय पंजाबी ड्रेस घातला तर घरी आई ओरडते. शालू एका कंपनीच्या फाटकासमोर तीन दिवस नुसती उभी राहिली आणि शिफ्ट सुटताना पोरी कशा चालतात, ओढणी किती वेळा सावरतात, ते पाहिलं. एक पोरगी ओढणी मशीनच्या पट्ट्यात सापडून गळा आवळता आवळता वाचली होती. शालूने असा ड्रेस काढला की ओढणी एका खांद्यावर शिवूनच टाकलेली, छातीवरून तिरकी येऊन दुसऱ्या कमरेला बटणाने बसते. आईला ओढणी दिसते आणि मशीनला सापडत नाही. फाटकावरचे भय्ये शिपाईसुद्धा म्हणायचे, "ये शालूवाला ड्रेस है."

कापडगिरण्यांचा कटपीस घ्यायचा, रंग फसलेला माल तर मुद्दाम मागून घ्यायचा, आणि त्यातून असं काही काढायचं की फसलेला रंगच हवासा वाटावा. डोंगराकडच्या बाया आठवडी बाजाराला यायच्या, त्यांची पाठीवर पोर बांधायची पद्धत बघून तिने मागे गाठ न रुतणारं पोलकं काढलं. मंगळी नावाची एक बाई ते घेऊन गेली आणि पुढच्या बाजाराला अख्खा पाडा घेऊन आली. मुंबईहून एक कंपनीवाला आला, नोकरी देतो म्हणाला. शालूने एक वर्ष करून पाहिली. तिथे पुतळ्यावर कपडे घालून बघतात, असं सांगत ती परत आली. पुतळा वाकत नाही, बसत नाही, घामेजत नाही. त्याला काय कुठलंही बसेल. तिच्या हाताखाली शिकलेल्या चौदा-पंधरा जणींची आज दुकानं आहेत.

हिराचा एकनाथ? ज्याच्या जिवासाठी हे सगळं झालं, तो सहा वर्षं दर्यावर गेला. चौऱ्याऐंशीत बोट विकून एका रंगाच्या कंपनीत गेटवर लागला. त्याला धोका होता तो कॅन्टीनच्या वड्यांचाच. खुर्चीवर बसून त्याची ढेरी वाढत गेली आणि ती बघून हिराला कधी हसू यायचं, कधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

सत्त्याऐंशी साली काशीबाईला अर्धांगवायू झाला. नवरा आदल्या वर्षीच गेला होता, त्यामुळे हिराने तिला घिवलीला आणलं. उजवा हात उचलत नव्हता. चोळी घालायची म्हणजे दोघींना घाम फुटायचा आणि म्हातारी कळवळायची. हिराने बोईसरला जाऊन हे शालूच्या कानावर घातलं. आठवड्याने शालूने एक पुडकं दिलं. खांद्यावर आणि कुशीत उघडणाऱ्या, बंदांच्या चार चोळ्या. हात न हलवता माणसाला झोपल्या झोपल्या घालता येतील अशा. "माजं नाव काढू नको," शालू म्हणाली. "नायतर घालायची नाय ती."

हिराने सांगितलं, बोईसरच्या बाजारातून आणल्या.

काशीबाईने डाव्या हाताने बंद चाचपले. तिचं बोलणं तोंडातल्या तोंडात यायचं, पण हिराला कळायचं. "शिवनारीनं आजारी मानूस बघितलंय," ती म्हणाली. "हात चांगला हाय तिचा." मग जरा वेळाने, छपराकडे बघत, "रामूच्या बायकोला मी मान दिला. तिनं टाकला."

सकाळची दहाची वेळ. घरात तिसरं कुणी नाही. एकनाथ कामावर, पोरगी शाळेत. देवाने याहून सोयीची घडी काय आणून द्यायची? हिरा खाटेच्या कडेला बसली. वाक्य तिने मनात जुळवलंही होतं. आयचे डोळे तिच्याकडे वळले आणि त्यात एवढा विश्वास होता की हिरा म्हणाली, "पानी देऊ?"

काशीबाई दोन वर्षं अंथरुणावर होती. त्याच चोळ्या घालून होती. एकोणनव्वदच्या थंडीत ती गेली, आणि जाईपर्यंत तिला वाटत होतं की सुनेने तिला टाकलं.

शहाण्णव साली पालघरच्या एका महिला मंडळाने शालूचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, माईक. नणंद म्हणून दोन शब्द बोला, असं म्हणत हिराला उभं केलं. हिराच्या मनात आलं, आता शंभर बायांपुढे बोलून टाकावं. आणि तोंडातून आलं, "आमच्या वयनीला लहानपनापासून फॅशनची भारी आवड." शालूचं लहानपण तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. टाळ्या पडल्या. शालू खुर्चीत बसून अंगावरची शाल नीट करत होती. हिरा घरी येऊन जेवली नाही. पोटात दुखतं म्हणाली.

मग अठ्ठ्याण्णवचा एप्रिल आला आणि भाविकाचं लग्न ठरलं, मुरब्याच्या मुलाशी. घिवलीच्या घरी ताग्याची रीत नव्हती. हिराने हट्टाने काढली. जांभळ्या रंगाचा तागा घेतला, तो देवापुढे ठेवला आणि दुपारी रिक्षाने शालूच्या दुकानात घेऊन गेली. शालूच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं, चष्मा लागला होता. तिने दुकानातल्या पोरींना जेवायला पाठवलं आणि तागा फळीवर उलगडला. हिराने मापांची वही पुढे केली.

"सतरा हायत," हिरा म्हणाली. "अठरावी तुजी."

शालूने चष्म्यावरून बघितलं.

"नाय म्हनू नको, वयनी. भाविकाच बोलली, मामीशिवाय कसली चोळी. तिला ठाऊक पन नाय काय झालं ते. तेव्हा मी..." मग एकदम सगळंच बाहेर आलं. इंदुबाई, दर्या, शपथ, मुंडावळ्या, खाटेवरची सकाळ, बाजारातून आणलेल्या चोळ्या, माईक. शालूला जे ठाऊक होतं तेही आणि नव्हतं तेही. "मी तुजं घर घेतलं, वयनी. मला माफ कर."

शालूने ताग्यावर पट्टी ठेवली. "बरं, कापते अठरा. गळा जरा वर ठेवीन, वय झालं आता."

"एवढंच?"

"मग काय? चोळी मी उसवली तेव्हाच इसरली. तू पोर होतीस, भ्यालीस. खरं सांगू? मी पन भ्याली होती. एकनाथला काय झालं असतं तर मी मलाच धरलं असतं." तिने खडू उचलला, पण रेघ ओढली नाही. "तू आयला सांगायचं होतंस, हिरा."

हिराने मापांची वही मिटली.

"अकरा वर्षं ती मला शिवणवाली बोलली. मला लागत नव्हतं असं नाय. पन माज्याहून तिला जास्त लागत होतं. पोर गेला, आनि पोराच्या बायकोनं पन टाकलं, असं मनात घेऊन ती गेली. तिला कुनी टाकलं नव्हतं, हिरा. फुकट गेली ती तसं समजून."

"मग तू का नाय सांगितलंस?" हिराने विचारलं, आणि विचारताना तिला स्वतःचीच चीड आली.

"आली होती एकदा सांगायला, शिरगावला. दारातूनच बघितलं. तू पोरगी तिच्या मांडीवर दिली होतीस आनि म्हातारी हसत होती. रामू गेल्यापासून हसलेली बघितली नव्हती मी. म्हटलं, मी आता तोंड उघडलं तर हिची लेक पन जाईल. मग हिच्यापाशी राहील कोन?" शालूने रेघ ओढली. "मी परत गेली."

हिराला वाटत होतं, कबूल केलं की ओझं उतरेल. ते उतरलं नाही. इतकी वर्षं ती चुकीच्या माणसाची माफी मनात घोळवत होती. जिची मागायची ती कधीच निघून गेली होती.

लग्नात शालूने जांभळी चोळी घातली. काही झालं नाही. आभाळ जागेवर होतं, मुरब्याच्या पाहुण्यांनी पंगतीला दोनदा जिलबी मागून घेतली. थकलेली इंदुबाई भिंतीला टेकून बसली होती. शालूने तिला नमस्कार केला, तर तिने तोंडभर आशीर्वाद दिला आणि शेजारणीला विचारलं, चोळ्या छान आहेत, कुणी शिवल्या? तिला वीस वर्षांपूर्वीचं आपलं बोलणं आठवत नव्हतं. कशाला आठवेल? ती फक्त चहा पिऊन गेली होती.

नवरदेवाच्या आईने शालूकडे बोट करून हिराला विचारलं, "ह्या तुमच्या कोन?"

"माज्या आयची सून," हिरा म्हणाली. मोठ्याने म्हणाली, आजूबाजूच्या चार बायांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने. एवढंच तर बोलायचं होतं. काशीबाईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हिरा पदर तोंडाला लावून मांडवामागे गेली आणि हमसून हमसून रडली. बायका धावल्या, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. पोरगी सासरी चालली ना, आईचं काळीज आहे, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. हिराने त्यांना तसंच वाटू दिलं.